अंकपाशात सापडले कोण?

तुळजापूरची भवानी अष्टभुजा आहे. तिच्या आठ हातांतील आठ गोष्टींची अदलाबदल केली, तर किती निरनिराळ्या मूर्ती संभवतील? प्रश्न साधा आहे. तुळजापूर तालुक्यातल्याच नळदुर्गासारख्या गावात, जिथे नवरात्रात घरटी एक माणूस तरी भवानीच्या पायरीला जाऊन येतो, तिथे तो कोणत्याही ओसरीवर बसून विचारावा. आजोबा म्हणतील, 'पुष्कळ'. वडील म्हणतील, 'चौसष्ट असतील'. अकरावीत शिकणारी नात मात्र क्षणात सांगेल, 'एट फॅक्टोरियल'. यंत्रावर कळ दाबून ती ४०,३२० हा आकडाही दाखवील. आकडा बरोबर आहे. पण तिला पुढचा प्रश्न विचारावा : 'बाळ, गुणाकारच का? बेरीज का नाही?' बहुधा याचे उत्तर येत नाही. कारण तो प्रश्न परीक्षेत येत नाही, आणि परीक्षेत जे येत नाही ते आमच्या शिक्षणव्यवस्थेच्या लेखी अस्तित्वातच नाही.

हा दोष त्या मुलीचा नव्हे. ज्या भूमीत आठशे-नऊशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न देवाच्या मूर्तीसमोर ठेवून मुलांना शिकविला गेला, त्या भूमीतील मुलांना आज तो एक इंग्रजी नाव आणि एक उद्गारचिन्ह एवढ्याच स्वरूपात भेटतो, याचा हा परिणाम आहे. आणि ही आत्मविस्मृती केवळ मेकॉलेच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. मेकॉलेचे टिपण १८३५ सालचे आहे. त्यानंतरच्या चुकांचा हिशेब आपल्याला स्वतःलाच द्यावा लागणार आहे.

चार अक्षरांचे गाव

आधी मोजणीच करू. कारण ज्याचा अभिमान बाळगायचा ते निदान कळलेले असावे. 'नळदुर्ग' या नावात चार अक्षरे आहेत : न, ळ, दु आणि र्ग. ही चार अक्षरे किती क्रमांनी मांडता येतील?

एकट्या 'न'ची मांडणी एकच. 'ळ' आला की त्याला दोन जागा मिळतात, 'न'च्या पुढे किंवा मागे. म्हणजे नळ आणि ळन, दोन मांडण्या. आता 'दु' आला. या दोहोंपैकी प्रत्येक मांडणीत त्याला तीन जागा आहेत : आरंभी, मध्ये आणि शेवटी. 'नळ'मधून दुनळ, नदुळ, नळदु निघतात. 'ळन'मधून दुळन, ळदुन, ळनदु. दोन मांडण्या, प्रत्येकीच्या तीन, एकूण सहा. शेवटी 'र्ग' आला. तीन अक्षरांच्या रांगेत नव्याला चार जागा असतात : दोन्ही टोकांच्या दोन आणि मधल्या फटी दोन. सहा मांडण्या, प्रत्येकीच्या चार, एकूण चोवीस. 'र्ग'ने आरंभ होणारा शब्द उच्चारता येतो की नाही हा व्याकरणाचा प्रश्न आहे, मोजणीचा नव्हे.

येथेच 'गुणाकार का' याचे उत्तर आहे. आधीची प्रत्येक मांडणी नव्या वस्तूला तितक्याच जागा देते. एकही मांडणी निरुपयोगी होत नाही आणि कोणतीही दोनदा येत नाही. म्हणून एक, गुणिले दोन, गुणिले तीन, गुणिले चार. यालाच क्रमगुणित म्हणतात आणि ४! असे लिहितात. ही खूण फ्रेंच गणिती क्रिस्तियाँ क्रांप यांनी १८०८ साली प्रचारात आणली. खूण सोयीची आहे आणि ती जरूर वापरावी. परंतु खूण म्हणजे ज्ञान नव्हे, हे शिकविणाऱ्याने विसरता कामा नये.

शून्याच्या क्रमगुणिताचेही तसेच. 'शून्याचे क्रमगुणित एक, हे पाठ करा' असे वर्गात सांगितले जाते आणि विद्यार्थी निमूटपणे पाठ करतो. वास्तविक पाठ करण्यासारखे त्यात काहीच नाही. चारचे क्रमगुणित २४; त्याला ४ ने भागले की तीनचे ६ मिळते; त्याला ३ ने भागले की दोनचे २; त्याला २ ने भागले की एकचे १; आणि त्याला १ ने भागले की शून्याचे १. पायऱ्या उतरत गेले की आपण आपोआप तिथे पोचतो. अर्थाच्या अंगाने पाहावे, तर रिकाम्या देव्हाऱ्याची मांडणी एकच असते : रिकामी. दहा वर्षांच्या मुलाला हे पटते. मग ते सोळाव्या वर्षापर्यंत लांबवून, तेव्हाही घोकंपट्टी म्हणून का द्यावे?

रोज आचमनात येणारे गणित

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तिच्या अखेरच्या प्रकरणाचे नाव 'अंकपाश'. एकपासून स्थानसंख्येपर्यंतच्या अंकांचा गुणाकार केला की संख्याभेद मिळतात, हा नियम तेथे स्वच्छ शब्दांत दिला आहे. लगेच उदाहरण येते ते देवांचे. पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधे शंभूच्या दहा हातांत अदलून-बदलून दिली, तर मूर्तिभेद किती? आणि गदा, चक्र, कमळ व शंख हे हरीच्या चार हातांत दिले, तर किती? उत्तरे : शंभूचे ३६,२८,८०० आणि हरीचे २४.

चोवीस हा आकडा ऐकताच ज्याच्या घरी आचमन होते त्याने सावध व्हावयास हवे. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः पासून आरंभ होणारी नावे मोजा; ती चोवीसच आहेत. ही निव्वळ नामावली नव्हे. शंख, चक्र, गदा, पद्म यांचा चार हातांतील क्रम बदलला की मूर्तीचे नाव बदलते, हा आपल्या मूर्तिशास्त्राचा नियम आहे. रूढ परंपरेप्रमाणे खालच्या उजव्या हातापासून प्रदक्षिणाक्रमाने पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम असेल तर तो केशव. अग्निपुराणात या चोवीस रूपांची आयुधक्रमासह यादी आहे. ग्रंथाग्रंथांत क्रमाचे पाठभेद आहेत. परंतु रूपे चोवीस, याविषयी मतभेद नाही. तो असणार तरी कसा? चार वस्तू आणि चार हात म्हटले की पंचविसावे रूप संभवतच नाही आणि तेविसांवर थांबताही येत नाही.

सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या यजमानाला हे ठाऊक असते काय? पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारण्याचे धाडस कोणी करतो काय? जे गणित आपण पळीभर पाण्यासोबत रोज पोटात घेतो, तेच गणित शिकण्यासाठी आपली मुले लाखभर रुपये शुल्क भरून परगावी जातात.

शंभूच्या रूपांचा आकडा किती मोठा आहे हेही उमजून घ्यावे. एका सेकंदाला एक याप्रमाणे अष्टभुजेची ४०,३२० रूपे पाहावयास ११ तास १२ मिनिटे लागतील. म्हणजे काकड आरतीला बसलेला भक्त सायंकाळपर्यंत उठेल. शंभूची रूपे त्याच वेगाने पाहावयाची, तर झोप न घेता बरोबर ४२ दिवस लागतील. हात केवळ दोनच वाढले. वेळ मात्र अर्ध्या दिवसावरून सहा आठवड्यांवर गेला. आणखी दोन हात वाढवून बारा केले, तर पंधरा वर्षे पुरणार नाहीत. दहा गावांना माल पोचविणाऱ्या टेम्पोचालकापुढेही हाच डोंगर उभा असतो : दहा गावांना जाण्याचे क्रम ३६,२८,८०० आहेत. सर्वांत कमी डिझेलचा मार्ग एकेक क्रम तपासून काढणे हे मोठमोठ्या संगणकांनाही गावांची संख्या थोडी वाढताच अशक्य का होते, याचे मर्म या वाढीत आहे.

भास्कराचार्य येथेच थांबत नाहीत. दोनपासून नऊपर्यंतचे आठ अंक घेतले तर होणाऱ्या संख्या किती आणि त्या सर्वांची बेरीज किती, असे ते विचारतात. संख्या ४०,३२०; भवानीच्या आठ हातांइतक्याच. त्या लिहून बेरीज करू गेल्यास वह्या संपतील. पण विचार करावा. प्रत्येक स्थानी प्रत्येक अंक सारख्याच वेळा, म्हणजे ४०,३२० भागिले ८ बरोबर ५,०४० वेळा येणार. अंकांची बेरीज ४४. म्हणून प्रत्येक स्थानाची बेरीज ४४ गुणिले ५,०४० बरोबर २,२१,७६०. आणि तिला आठ एककांनी, म्हणजे १,११,११,१११ ने गुणले की उत्तर २४,६३,९९,९९,७५,३६०. चार ओळींत काम झाले. काही अंक सारखे असतील तर काय, हेही त्यांनी सांगितले आहे. ४, ८, ५, ५, ५ हे पाच अंक घेतले तर १२० संख्या होत नाहीत. कारण तीन पाच आपसांत बदलले तरी संख्या बदलत नाही. म्हणून १२० ला ६ ने भागावे, संख्या २०. आज स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत जे 'युक्ती क्रमांक सतरा' म्हणून विकले जाते, ते हेच.

देवगिरीचा हिशेबनीस

या विद्येचे दुसरे घर तर आपल्या मराठवाड्यातच होते. देवगिरीच्या सिंघण यादवाची कारकीर्द सुमारे १२१० ते १२४७ ची. त्याच्या पदरी श्रीकरण, म्हणजे हिशेबाच्या खात्यात अग्रणी असलेला शार्ङ्गदेव होता. आजोबा काश्मीरचे, नातू मराठी मुलखात स्थिरावलेला. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला, जो उत्तर आणि दक्षिण या दोन्ही संगीतपद्धतींना आजही वंदनीय आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात तो सात स्वरांचे क्रम मोजतो. एका स्वराचा १, दोहोंचे २, तिहींचे ६, चौघांचे २४, पाचांचे १२०, सहांचे ७२० आणि सातांचे ५,०४०.

परंतु शार्ङ्गदेवाचे मोठेपण या मोजणीत नाही. त्याने पुढचे दोन प्रश्न घेतले. क्रमांक सांगितला तर तान कोणती, याला 'नष्ट' म्हणतात. तान सांगितली तर तिचा क्रमांक कोणता, याला 'उद्दिष्ट' म्हणतात. हे शब्द पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या परंपरेतून आलेले आहेत. तेथे लघु-गुरूंच्या प्रस्तारासाठी तेच प्रश्न विचारले जात. स्वरांसाठी शार्ङ्गदेवाने 'खंडमेरु' नावाचा कोष्टक रचला. ५,०४० तानांची वही न लिहिता हवी ती तान त्यावरून काढता येते.

वाचकांनी हे स्वतः करून पाहावे. शार्ङ्गदेवाची मांडणीची रीत थोडी वेगळी आहे. आपण सोयीसाठी शब्दकोशाचा क्रम घेऊ. सा रे ग म प ध नी ही पहिली तान आणि नी ध प म ग रे सा ही ५,०४० वी. तर २,००० वी कोणती? तिच्या आधी १,९९९ ताना होऊन गेल्या. आरंभीचा एक स्वर धरला की उरलेल्या सहांच्या ७२० ताना होतात. १,९९९ मध्ये ७२० दोनदा जातात, बाकी ५५९. म्हणजे दोन स्वर ओलांडून तिसरा, 'ग'. आता सा रे म प ध नी उरले. ५५९ मध्ये १२० चार वेळा, बाकी ७९. चार ओलांडून 'ध'. उरले सा रे म प नी. ७९ मध्ये २४ तीनदा, बाकी ७. तीन ओलांडून 'प'. उरले सा रे म नी. ७ मध्ये ६ एकदा, बाकी १. एक ओलांडून 'रे'. उरले सा म नी. १ मध्ये २ एकदाही जात नाही, म्हणून 'सा'. उरले म आणि नी. १ मध्ये १ एकदा, म्हणून 'नी' आणि शेवटी 'म'. तान झाली : ग ध प रे सा नी म. पेटीवर वाजवून पाहा. कानाला गोड लागेल याची हमी गणित देत नाही, पण क्रमांकाची हमी देते.

ज्या अंकपद्धतीने हे झाले, तिच्यात स्थानांच्या किमती एक, दहा, शंभर अशा नसून एक, दोन, सहा, चोवीस, एकशेवीस अशा असतात. फ्रान्सचे लेझाँ यांचा या पद्धतीवरील लेख १८८८ चा आहे. आमच्या देवगिरीच्या हिशेबनिसाने याच तत्त्वावर तेराव्या शतकात तानांचा हिशेब ठेवला होता. तथापि आमच्या संगीतविद्यालयांत गणित नाही, गणिताच्या वर्गांत संगीत नाही आणि इतिहासाच्या पुस्तकात देवगिरी म्हटले की स्वारी आणि लूट यांपलीकडे बहुधा काही नाही!

पाटणच्या बाजाराने जे केले

त्याच सिंघणाच्या दरबारी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा मुख्य ज्योतिषी होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख त्याच्या कार्याची साक्ष देतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चांगदेवाने मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिले. लेख संस्कृतात आहे. परंतु दानाचा तपशील सांगणारा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील मालावरचा आणि तेलघाण्यावरचा काही हिस्सा मठाला मिळावा, अशी ती व्यवस्था होती.

या एका दगडावर आपल्या समाजाने थोडा वेळ थांबावे. राजा ज्योतिषी पाळतो यात नवल नाही. नवल हे की गणिताच्या शाळेचा खर्च बाजारपेठेने आणि तेल्याच्या घाण्याने उचलला, आणि तो करार त्या लोकांना वाचता यावा म्हणून त्यांच्या बोलीत कोरला गेला. विद्या समाजाची होती. म्हणून तिचे ओझे समाजाने वाहिले.

आज बाजार काय करतो? नळदुर्गहून लातूर फार दूर नाही. 'लातूर पॅटर्न'ची ख्याती राज्यभर आहे आणि तेथील शिक्षकांच्या व विद्यार्थ्यांच्या परिश्रमांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या दिशेने जाणाऱ्या प्रत्येक एसटीत एखादा बाप बसलेला असतो, ज्याने मुलाच्या शिकवणीसाठी कर्ज काढलेले असते. त्या मोबदल्यात त्याच्या मुलाला काय मिळते? एका प्रश्नाला एक मिनिट, चार पर्याय, त्यांपैकी एक बरोबर. गुणाकार का, असे विचारायला त्या मिनिटात जागा नाही. पूर्वी बाजार विद्येला पोसत होता. आता बाजार विद्येच्या नावावर पोसला जातो. यावर बोलावयाचे नाही, तर मग कशावर बोलावयाचे?

दोन प्रकारचे अंधत्व

या विषयावर दोन गट हिरिरीने बोलतात आणि दोघेही मोजत नाहीत.

पहिला गट स्वतःला आधुनिक म्हणवून घेणाऱ्यांचा. भारतीय गणित म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर सूक्ष्म हसू उमटते. शून्य दिले, ठीक आहे, बाकी सारी पोथ्यांतील श्लोकरचना, असे त्यांचे मत असते. त्यांनी 'अंकपाश' उघडून पाहावा. जैनांच्या अनुयोगद्वारसूत्रात सहा द्रव्यांचे ७२० क्रम काढून त्यातून सुलटा व उलटा असे दोन वजा करून ७१८ सांगितले आहेत, ते पाहावे. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी निवडीचा सर्वसाधारण नियम दिला. त्या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड, नळदुर्गापासून फार लांब नाही. नारायण पंडितांनी १३५६ च्या 'गणितकौमुदी'त अंकपाशावर जो विस्तार केला, तोही चाळावा. न वाचता हसणे ही विज्ञाननिष्ठा नव्हे. ती उसनी अंधश्रद्धा आहे.

दुसरा गट आपल्यातलाच आहे; म्हणून त्याच्याविषयी अधिक परखडपणे बोलले पाहिजे. व्यासपीठावर 'सारे काही आमच्याकडे आधीच होते' असे गर्जणारे, आणि कागद पुढे केला की तीन अंकांच्या सहा मांडण्या लिहिताना अडखळणारे हे वीर आहेत. क्रमगुणित जगात केवळ आम्हालाच सुचले, असा दावा करण्याची मुळीच आवश्यकता नाही. तो खराही नाही. ज्यूंच्या 'सेफेर येत्सिरा' या प्राचीन ग्रंथात दोन दगडांची दोन घरे, तिहींची सहा, असे करत सातांची ५,०४० घरे सांगितली आहेत. फ्रान्समधील ज्यू पंडित लेवी बेन गेर्शोन यांनी १३२१ मध्ये त्याची तर्कशुद्ध सिद्धताही लिहिली. आपल्या ग्रंथांत नियम नेमका असतो, उदाहरणे समर्पक असतात. सिद्धता मात्र बहुधा टीकाकारांनी आणि गुरुमुखाने पुरवावयाची असते. हे मान्य केल्याने भास्कराचार्य लहान होत नाहीत. खोटा मोठेपणा चिकटविल्याने मात्र खरा मोठेपणाही संशयास्पद ठरतो, आणि पहिल्या गटाला आयते हसू मिळते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमाचे दार उघडून दिले. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या दारातून जर 'लीलावती कोणी लिहिली? पर्याय अ, ब, क, ड' एवढेच आत येणार असेल, तर आपण केवळ घोकण्याचा मजकूर बदलला, घोकणे बदलले नाही. भास्कराचार्यांचे नाव पाठ असणे म्हणजे ज्ञानपरंपरा नव्हे. त्यांच्या प्रश्नासमोर बसून घाम गाळणे म्हणजे ज्ञानपरंपरा.

भाषेचे ऋण

नळदुर्गाच्या परिसराला भाषेचा प्रश्न नवा नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ त्याच पायावर उभे होते. त्या काळात मराठी मुलांना स्वभाषेतून आणि स्वाभिमानाने शिकता यावे म्हणून याच जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली आणि तेथे स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि बोरी नदीवरील पूल सुरक्षित राहिला. मुक्तीला आता पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही येथील मराठी शाळेत दहावी झालेली मुलगी अकरावीच्या विज्ञानशाखेत जाते, तेव्हा क्रमगुणित तिला बहुधा इंग्रजीतूनच भेटते. नवी संकल्पना आणि परकी भाषा एकाच दिवशी. यात ती संकल्पना सोडून देते आणि शब्द पाठ करते, यात आश्चर्य कसले?

इंग्रजीला विरोध नाही. विरोध या उलट्या क्रमाला आहे. आधी मोजणी, मग शब्द, मग चिन्ह, हा क्रम असावयास हवा. क्रमाचे महत्त्व आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांचे ५,०४० क्रम संभवतात, पण मानाचा क्रम एकच, आणि तो राखला जातो. पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींचे १२० क्रम होतील. कसब्याच्या गणपतीपासूनचा एकच चालतो. नळदुर्ग आणि अणदूर यांनी तर एकच खंडोबा वाटून घेतला आहे : सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. इतका काटेकोर हिशेब जो समाज श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो, त्याला गणिताचे वावडे आहे असे कोण म्हणेल? त्याला गणित त्याच्या भाषेत कोणी सांगितले नाही, इतकेच.

आणि कोणी सांगू गेला तर आपण काय करतो? देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अंकांच्या मांडण्यांशी आयुष्यभर खेळले. चार अंक घ्या, सगळे सारखे नसावेत. त्यांच्या मांडण्यांतील सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. त्यांच्या हयातीत स्वदेशात अनेकांनी हा पोरखेळ मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात लिहिले, तेव्हा कुठे आपल्याला आपला माणूस दिसला. बाहेरच्याने बोट दाखविल्याशिवाय घरातले रत्न न ओळखण्याची ही सवय कधी जाणार?

करावयाचे काय?

यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. जेथे संस्कारवर्ग किंवा अभ्यासिका चालते, तेथे आठवड्यातील एक तास पुरे. चार मुले रांगेत उभी करावीत आणि क्रम बदलून बदलून मोजावे. चोवीस झाल्याखेरीज कोणी बसावयाचे नाही. शंख, चक्र, गदा, पद्म यांची चित्रे काढून चोवीस मूर्ती मांडाव्यात आणि अग्निपुराणातील यादीशी ताडून पाहाव्यात. पेटी वाजविता येणाऱ्या ताईने तीन स्वरांच्या सहा ताना म्हणून घ्याव्यात. मोठ्या मुलांना २,००० वी तान काढावयास सांगावी. घरी पालकांनी ना. ह. फडके यांचे 'लीलावती पुनर्दर्शन' मिळवून ठेवावे आणि दूरदर्शनसंच बंद करून एक कूट सोडवावे. खर्च शून्य, आणि शून्याचे क्रमगुणित एक असते, हे एव्हाना वाचकांना ठाऊक झालेच आहे.

व्यापारी बंधूंनी पाटणचा शिलालेख स्मरावा. गावातील शाळेत गणिताचा एक जाणता शिक्षक टिकावा, ग्रंथालयात मराठीतील गणिताची पुस्तके असावीत, यासाठी बाजाराने आपला हिस्सा द्यावा. आठशे वर्षांपूर्वी तेलघाण्याला जे परवडले, ते आजच्या पेठेला परवडत नाही असे कोणी म्हणू नये.

'अंकपाश' संपविताना भास्कराचार्यांनी एक टोला लगावला आहे. यात गुणक विचारलेला नाही, भाजक नाही, वर्ग नाही, घनही नाही; तरी गर्विष्ठ गणक या पाशात पडल्यावाचून राहणार नाहीत, असा त्याचा आशय. हा इशारा त्यांनी परकीयांसाठी लिहिला नव्हता. तो त्यांच्या नावाचा जयजयकार करून मोजणी टाळणाऱ्यांना जितका लागू आहे, तितकाच त्यांचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनाही. या पाशातून सुटण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो कोणत्याही घोषणेतून जात नाही : कागद घ्यावा, चार अक्षरे लिहावीत आणि मोजावयास बसावे.